खापराच्या तुकड्यातून पृथ्वीच्या जुन्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता कशी मोजायची

भाजलेल्या मातीचा कुठलाही तुकडा घ्या. रांजणाचा कान असो, विटेचा टवका असो की भट्टीच्या भिंतीचा ढेकूळ, त्यात लोहखनिजाचे अगदी बारीक कण असतात. ती माती शेवटची तापून निवली तेव्हा त्या जागी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती जोरदार होतं, याची नोंद त्या कणांत राहून जाते. क्षेत्राची तीव्रता थेट मोजायची पद्धत गाउसनं 1832 मध्ये बसवली. त्याआधीच्या काळासाठी असले तुकडे आणि निवलेले लाव्हा हाच आपला मुख्य आधार आहे.

कामाला लागण्याआधी एक अडचण समजून घ्या. नोंद वाचायला तुकडा पुन्हा तापवावा लागतो, आणि तापवल्यानं त्यातलं खनिज बदलू शकतं. म्हणजे साक्ष काढण्याची रीतच साक्षीदाराला बिघडवणारी आहे. पुढे येणारी जवळजवळ प्रत्येक पायरी या एका धोक्याला तोंड देण्यासाठी बसवलेली आहे. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं, की एवढ्या वेळा का तापवायचं आणि मधेच मागे का फिरायचं, हे प्रश्न पडत नाहीत.

तत्त्व, कामापुरतं

मॅग्नेटाइट हे लोहखनिज साधारण 580 अंश सेल्सियसच्या वर तापलं की त्याचं कायमचं चुंबकत्व निघून जातं. हेमेटाइट या दुसऱ्या लोहखनिजाला 675 अंशांच्या आसपास जावं लागतं. या तापमानाला क्युरी तापमान म्हणतात. भट्टीतून निघालेलं भांडं निवताना त्याहून खाली आलं, की कणांचं चुंबकत्व भोवतालच्या क्षेत्राच्या दिशेनं थोडंसं झुकतं आणि तसंच गोठतं. पृथ्वीचं क्षेत्र क्षीण असतं, आज पृष्ठभागावर जागेनुसार 25 ते 65 मायक्रोटेस्ला. इतक्या क्षीण क्षेत्रात गोठलेलं चुंबकत्व क्षेत्राच्या प्रमाणात वाढतं, आणि सगळी पद्धत या प्रमाणावरच उभी आहे.

समजा, तुकड्यात मुळात असलेलं चुंबकत्व मोजलं. मग तोच तुकडा प्रयोगशाळेत माहीत असलेल्या क्षेत्रात तापवून निववला आणि नव्यानं मिळालेलं चुंबकत्वही मोजलं. जुन्याला नव्यानं भागून प्रयोगशाळेच्या क्षेत्रानं गुणलं की जुनं क्षेत्र मिळालं. कागदावर इतकं सोपं आहे. पण तुकडा एका दमात 600 अंशांना नेला आणि वाटेत खनिज बदललं, तर भागाकारातलं नवं चुंबकत्व भलत्याच खनिजाचं असेल आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

यावर तोड काढली फ्रान्समधल्या एमिल आणि ओदेत तेलिए या पतिपत्नींनी. त्यांचा 1959 चा शोधनिबंध या विद्येचा पाया मानला जातो. त्यांनी दाखवलेलं असं, की कण पुरेसे बारीक असतील तर 200 ते 300 अंशांच्या दरम्यान गोठलेल्या चुंबकत्वाचा 300 ते 400 मधल्या चुंबकत्वाशी काही संबंध नसतो. प्रत्येक टप्प्याचा हिशेब स्वतंत्र असतो आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे एकूण चुंबकत्व. त्यामुळे थोडं थोडं तापवत प्रत्येक टप्प्याला जुनं किती गेलं आणि नवं किती आलं हे ताडून पाहता येतं. सगळ्या टप्प्यांतून एकच गुणोत्तर येत राहिलं तर तुकडा खरं बोलतोय.

तुकडा निवडताना

नवा माणूस इथे घाई करतो आणि नंतर महिनाभर पस्तावतो. निवडीला लागेल तेवढा वेळ द्या.

तुकडा चांगला भाजलेला हवा, शक्य तर 600 अंशांच्या वर. खणखणीत आवाजाचं, ताज्या तुटीवर एकसारख्या रंगाचं खापर घेतलेलं बरं. तूट भिंगाखाली धरा. बाहेरून तांबूस आणि आतला थर काळा दिसला, तर आतल्या भागाला भट्टीत हवा पुरली नव्हती. तिथलं खनिज पुन्हा तापताना हवा लागली की बदलण्याची शक्यता जास्त असते. असा तुकडा लगेच टाकून द्यायला नको, पण बाहेरचा आणि आतला भाग वेगळे कापून वेगळ्या क्रमांकानं चालवा.

तुकडा जागचा हललेला असला तरी बिघडत नाही. क्षेत्राची दिशा हवी असेल तर भट्टी किंवा चूल जागच्या जागी सापडावी लागते. तीव्रतेला फक्त प्रमाण हवं असतं, म्हणून उकिरड्यात पडलेलं खापरही चालतं. या विद्येकडे एवढी सामग्री आहे ती यामुळेच.

मातीखेरीज तांबं वितळवताना निघालेली मळी हाही उत्तम ऐवज आहे. ती झटपट निवते आणि तिच्यातल्या काचेत अगदी बारीक कण अडकलेले असतात. इस्राएलमधलं तिम्ना आणि जॉर्डनमधल्या तांब्याच्या जुन्या खाणी, इथल्या मळीवर बरंच काम झालं आहे.

आता काळ. तुम्ही मोजणार आहात तो शेवटच्या तापण्याचा क्षण. भांडं घडलं त्याचा काळ आणि तुम्ही मोजता तो काळ एकच असेल, असं गृहीत धरू नका. स्वयंपाकाचं भांडं वापरात रोज तापतं, त्यामुळे त्याच्या कमी तापमानाच्या टप्प्यांवर वापराचा ठसा असतो आणि वरच्या टप्प्यांवर भट्टीचा. घर जळलं असेल तर आतली भांडीच काय, कच्च्या विटाही त्या आगीची नोंद घेतात. ही अडचण कधी वरदान ठरते. जेरुसलेम इसवी सनपूर्व 586 मध्ये जाळलं गेलं. त्या आगीत तापलेल्या फरशीच्या तुकड्यांवरून क्षेत्राची तीव्रता काढली गेली, आणि तिथे काळ अगदी वर्षापर्यंत ठाऊक आहे. इतका नेमका काळ क्वचितच मिळतो.

मेसोपोटेमियातल्या विटांवर राजांची नावं ठशानं उमटवलेली असतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 12 राजांच्या नावांच्या 32 विटा वापरल्या होत्या आणि त्यांतून जेमतेम दोन-दोन मिलिमीटरचे टवके काढले होते. जेरुसलेमभोवतीच्या प्राचीन यहूदा प्रदेशातल्या रांजणांच्या कानांवरचे शिक्केही असेच कामी आले. 2017 च्या एका अभ्यासात अशा 67 कानांवरून आठव्या ते दुसऱ्या शतकांमधला, इसवी सनपूर्व, तीव्रतेचा चढउतार मांडला गेला. तुमच्या हाती शिक्क्याचं खापर नसेल, तर ज्या थरातून ते आलं त्या थराचा काळ नाण्यानं किंवा रेडिओकार्बननं ठरलेला असावा. काळाचा पत्ता नसलेल्या तुकड्यावर हात साफ करा, सराव करा, पण त्याचा आकडा कोणाच्या कामाचा नाही.

परवानगी लेखी घ्या. पद्धत तुकड्याचा काही भाग खाऊन टाकते, हे ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याला आधीच स्पष्ट सांगा. कापण्यापूर्वी फोटो काढा आणि मापं लिहून ठेवा.

कापणं आणि बसवणं

पाण्याच्या धारेखाली हिऱ्याच्या पात्याच्या करवतीनं कापा. कोरडं कापलं तर कडा तापतात. उत्खननात लोखंडी खुरप्याचा ओरखडा लागलेला पृष्ठभाग काढून टाका. फ्रिजवर चिकटवायचं साधं चुंबकदेखील पृथ्वीच्या क्षेत्राच्या शंभरपटीच्या घरात असतं. चुंबकी झाकणाच्या डबीत तुकडा ठेवला तर हजारो वर्षांची नोंद बंद करताना पुसली जाईल. मोबाईल आणि हेडफोन टेबलापासून लांब ठेवा, चिमटा पितळेचा किंवा प्लास्टिकचा वापरा.

एका खापरातून निदान तीन नमुने काढा, पाच-सहा निघाले तर उत्तम. लहान टवके काचेच्या नळीत काचेच्या तंतूंत गुंडाळून पोटॅशियम सिलिकेटच्या गोंदानं बसवतात. हा गोंद तापमानाला टिकतो आणि त्यात चुंबकत्व नसतं. तरी रिकामी, फक्त गोंद आणि तंतू घातलेली एक नळी मोजून पाहाच. तिचं चुंबकत्व नमुन्याच्या तुलनेत नगण्य असायला हवं.

प्रत्येक नळीवर उष्णतेत न उडणाऱ्या खुणेनं बाण काढा. हा बाण पुढचे तीस-चाळीस वेळा ओव्हनमधली दिशा सांगणार आहे. माझ्या सुरुवातीच्या एका फेरीत 350 अंशांच्या क्षेत्रातल्या पायरीला एक नळी उलटी ठेवली गेली. बाकीच्या सगळ्या टप्प्यांत मिळालेलं चुंबकत्व एका दिशेला आणि त्या एकाच टप्प्यात बरोबर विरुद्ध दिशेला. नशीब, की चूक इतकी ढळढळीत होती. नळी थोडीशीच तिरकी बसली असती तर कळलंही नसतं. तेव्हापासून ओव्हनची तबकडी आत सारण्याआधी मी तिचा फोटो काढतो.

मुख्य प्रयोगाआधीची चाचणी

तुकड्याचा चिमूटभर चुरा हळूहळू तापवत आणि मग निववत त्याची चुंबकप्रवणता, म्हणजे क्षेत्रात ठेवल्यावर तो किती सहज चुंबकत्व धरतो ते, मोजा. जाताना आणि येताना वक्र एकमेकांवर बसले तर खनिज उष्णतेला टिकतं. येतानाचा वक्र कितीतरी वर निघाला तर तापवताना नवं मॅग्नेटाइट तयार झालं. असा तुकडा मुख्य प्रयोगात बहुधा नापासच होणार. ही चाचणी एका दिवसात होते आणि कितीतरी आठवडे वाचवते, म्हणून ती टाळू नका.

तापवण्याची फेरी

लागणारी साधनं दोन. एक म्हणजे चुंबकीय कवचात बसवलेला ओव्हन. त्याच्या आत क्षेत्र जवळजवळ शून्य करता येतं आणि हवं तेव्हा वेटोळ्यातून ठरावीक क्षेत्र देता येतं. दुसरं मॅग्नेटोमीटर, नमुना फिरवून मोजणारं किंवा अतिवाहकावर चालणारं. टवके लहान आणि क्षीण असतील तर दुसऱ्या जातीचंच लागतं.

प्रत्येक तापमानाला नमुना दोनदा तापवायचा. एकदा शून्य क्षेत्रात तापवून निववायचा आणि मोजायचा. त्या तापमानापर्यंत जुनं किती गेलं ते यातून कळतं. दुसऱ्यांदा त्याच तापमानाला, पण ठरावीक क्षेत्रात. आता वाढलेलं जेवढं दिसेल तेवढं नवं आलं. क्षेत्र अपेक्षित उत्तराच्या जवळपास ठेवा, 40 मायक्रोटेस्ला ही सुरुवातीला चांगली निवड आहे.

आधी शून्य की आधी क्षेत्र, यावरून वेगवेगळ्या रीती पडल्या आहेत. को या संशोधकानं 1967 मध्ये शून्य आधी घेतलं, एटकेन या दुसऱ्या संशोधकानं नंतर क्रम उलटवला. आज बऱ्याच प्रयोगशाळा दोन्ही क्रम आलटून पालटून वापरतात, एका तापमानाला शून्य आधी आणि पुढच्याला क्षेत्र आधी. या रीतीला इझी म्हणतात. नव्या माणसाला मी हीच सुचवेन. कण मोठे असतील तर दोन क्रमांची उत्तरं जुळत नाहीत आणि आलेखावर करवतीसारखे दाते उमटतात. दोष स्वतःहून समोर येतो.

पायऱ्या 100 अंशांपासून सुरू करा, 50-50 अंशांनी चढा, आणि 400 च्या पुढे अंतर कमी करा, कारण बहुतेक चुंबकत्व तिथेच सुटतं. दोन्ही वेळचं तापमान एकमेकांशी एक-दोन अंशांत जुळलं पाहिजे, तेव्हा नमुन्याची तबकडीतली जागाही तीच ठेवा.

आता मघाशी म्हटलेलं मागे फिरणं. 400 पर्यंत गेल्यावर पुन्हा 300 ला क्षेत्रात तापवा. खनिज जसंच्या तसं असेल तर 300 ला पहिल्यांदा जेवढं नवं चुंबकत्व आलं होतं तेवढंच आता यायला हवं. जास्त आलं तर नवं खनिज तयार झालं, कमी आलं तर होतं ते गेलं. दर दोन पायऱ्यांनी अशी फेरतपासणी करा. कंटाळवाणं काम आहे, दिवसचे दिवस जातात. पण साक्षीदार नेमका कोणत्या तापमानाला बिघडला हे सांगणारं दुसरं काही आपल्याकडे नाही, आणि ही तपासणी गाळलेल्या आकड्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

आलेख वाचणं

आडव्या अक्षावर नवं आलेलं, उभ्या अक्षावर उरलेलं जुनं. याला अराई आलेख म्हणतात. 1963 मध्ये नागाता, अराई आणि मोमोसे यांनी तो वापरात आणला.

एक उदाहरण घेऊ. सुरुवातीचं चुंबकत्व 100 एकक. 300 अंशांना जुनं 73 उरलं, नवं 20 आलं. 400 ला 46 उरलं, नवं 40. 500 ला 19 उरलं, नवं 60. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूत जुनं 54 नं उतरलं आणि नवं 40 नं चढलं, म्हणजे उतार 1.35. मधला बिंदूही त्याच रेषेवर बसतो. प्रयोगशाळेचं क्षेत्र 40 होतं, तर जुनं क्षेत्र 1.35 गुणिले 40, म्हणजे 54 मायक्रोटेस्ला. फेरतपासणीत 300 ला 20 ऐवजी 21 आलं तर ठीक. 27 आलं तर या नमुन्यात नवं मॅग्नेटाइट बनलंय. त्यामुळे नवं चुंबकत्व फुगतं, उतार मंदावतो आणि जुनं क्षेत्र खोटंच कमी दिसतं.

सगळ्यात मोठा मोह वाकलेल्या रेषेपाशी होतो. कण मोठे असतील तर आलेख पोटात खचतो, सुरुवातीला तीव्र उतार आणि पुढे मंद. सुरुवातीचा भाग घेतला तर क्षेत्र जास्त येतं, शेवटचा घेतला तर कमी. दोन्ही भाग स्वतंत्रपणे सरळ दिसतात, आणि त्यातला एखादा आपल्याला हव्या असलेल्या उत्तराशी जुळतोच. म्हणून निकष मोजायला बसण्याआधी लिहून ठेवा. एकूण चुंबकत्वाचा किती हिस्सा रेषेत यायला हवा, उताराची चूक उताराच्या किती टक्के चालेल, फेरतपासणीतला किती फरक माफ. एका खापराचे निदान तीन नमुने 10 टक्क्यांच्या आत जुळावेत, हा निकष सर्रास लावतात.

त्याचबरोबर झायडरवेल्ड आलेख पाहा. उरलेल्या चुंबकत्वाची दिशा बदलत न जाता शून्याकडे सरळ येते का, हे त्यावर दिसतं. मधे कोपरा आला तर तुकडा दोनदा वेगवेगळ्या स्थितीत तापलेला आहे. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंचे बिंदू एका रेषेत ओवू नका.

दोन दुरुस्त्या

पहिली कणांच्या मांडणीची. कुंभाराच्या चाकावर माती ओढली जाते, चापट कण भांड्याच्या भिंतीला समांतर झोपतात आणि त्या दिशेनं चुंबकत्व सहज धरतात. प्रयोगशाळेचं क्षेत्र वेगळ्या दिशेनं दिलं तर उत्तर चुकतं, पातळ भिंतीच्या खापरात कधी कितीतरी टक्क्यांनी. म्हणून नमुना सहा दिशांनी ठेवून प्रत्येक दिशेनं चुंबकत्व द्या, शेवटी पहिली दिशा पुन्हा घ्या आणि त्यावरून दुरुस्ती काढा. मळीच्या काचेत हा त्रास सहसा कमी असतो, तरी तपासा.

दुसरी निवण्याच्या वेगाची. भट्टी निवायला दिवस लागतो, ओव्हन अर्ध्या-पाऊण तासात निवतो. बारीक कण सावकाश निवले की जास्त चुंबकत्व धरतात. म्हणजे जुनं चुंबकत्व थोडं जड असतं आणि दुरुस्ती न करता काढलेलं क्षेत्र फुगलेलं येतं. एकदा झटपट, एकदा दहा-बारा तास घेऊन आणि पुन्हा एकदा झटपट निववून पाहा. शेवटची फेरी खनिज टिकलंय का ते सांगते. आपल्या उदाहरणात ही दुरुस्ती 5 टक्के निघाली तर 54 चे सुमारे 51 मायक्रोटेस्ला होतील.

आकडा मांडताना

ध्रुवाजवळ क्षेत्र विषुववृत्ताच्या जवळपास दुप्पट असतं, म्हणून दोन जागांचे मायक्रोटेस्ला थेट ताडता येत नाहीत. असं क्षेत्र द्यायला पृथ्वीच्या मध्यावरचं, अक्षाच्या दिशेतलं चुंबक किती जोरदार हवं, ते काढतात. अक्षांश 30 आणि क्षेत्र 51.3 धरलं तर उत्तर येतं 10 च्या 23 व्या घाताइतकं अँपिअर-चौरसमीटर. आजचा आकडा 10 चा 22 वा घात गुणिले 8 च्या जवळ आहे, म्हणजे आपलं खापर आजच्यापेक्षा जोरदार क्षेत्राची साक्ष देतंय. पूर्व भूमध्य प्रदेशात इसवी सनपूर्व दहाव्या ते आठव्या शतकांत क्षेत्र याहून कितीतरी वर, आजच्या दुपटीच्या घरात गेलेलं आढळतं. तिथल्या मळीवरून आधी निघालेले काही आकडे इतके उंच आणि त्यांतले बदल इतके झपाट्याचे होते, की पृथ्वीच्या गाभ्यातलं वितळलेलं लोखंड एवढ्या वेगानं वाहू शकतं का, असा प्रश्न भूभौतिकशास्त्रज्ञांनी उघड विचारला. मग अधिक काटेकोर मोजण्या झाल्या आणि शिखर थोडं खाली आलं, पण ते उभं राहिलं.

असाच प्रश्न तुमच्याही आकड्याला विचारला जाईल, म्हणून नोंदी त्याला उत्तर देता येईल अशा ठेवा. प्रत्येक पायरीचं कच्चं मापन, गाळलेले नमुने आणि ते का गाळले, काळ कशावरून ठरवला, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा आकडा, हे सगळं मॅजिक किंवा जिओमॅजिया या खुल्या कोशांत जाऊ द्या. हिशेबासाठी पीमॅगपाय ही मोफत आज्ञावली आहे आणि तीत निकष बदलून पाहणं सोपं जातं. दहांतले चार नमुने टिकले तर निराश होऊ नका, चांगल्या प्रयोगशाळांतही पुष्कळ नमुने असेच गळतात. न तापवलेला उरलेला तुकडा बाण, क्रमांक आणि थराची चिठ्ठी यांसह लाकडी किंवा कागदी डबीत ठेवा. कोणीतरी त्यातून पुन्हा एक टवका मागायला येईल.